180 मीटरचा रस्ता

आमच्या प्रभागाची सोडत निघाली तेव्हा मी सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शाळेच्या गणवेशातल्या एका पोरीनं बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली, आणि माझी दहा वर्षं त्या चिठ्ठीत गुंडाळली गेली. चार जागांचा प्रभाग. दोन जागा महिलांच्या, एक ओबीसीची, आणि उरलेल्या खुल्या जागेवर पक्षातलाच माझ्यापेक्षा वजनदार गडी आधीपासून टपून बसलेला. शेजारच्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "एवढं तोंड का पाडताय? वहिनींचा फॉर्म भरा की."

भरला. 2018 च्या ऑगस्टमध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत 20 प्रभागांतून 78 जण निवडून आले, त्यांत आमची सौ. होती. ती निवडून आली आणि मी नगरसेवक झालो. हे वाक्य मी तेव्हा चारचौघांत हसत सांगायचो, लोकही हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला वर्ष लागलं. लिहायला त्याहून बरीच जास्त लागली.

दहा वर्षं मी त्या खुर्चीसाठी झिजलो होतो हे खरं आहे. मयताला खांदा, लग्नात फेटा, गणपतीला वर्गणी, दहावी-बारावीच्या पोरांना गुलाब आणि वही. त्यामुळे खुर्ची तिला मिळाली तरी कष्ट माझे, असा माझा हिशोब. पत्रकावर "नगरसेविका" म्हणून नाव तिचं छापलं आणि खाली मोबाइल नंबर माझा. लेटरहेड माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. मी मजकूर लिहायचो, संध्याकाळी घरी न्यायचो, ती भाकरी थापता थापता हात पुसून सही करायची. महासभेच्या दिवशी मला आत जाता येत नसे, म्हणून मी बाहेर चहाच्या गाड्यावर. तिथं माझ्यासारखे आणखी असायचे. आम्ही एकमेकांना "नगरसेवक" अशीच हाक मारायचो आणि कुणालाच त्यात खटकायचं नाही. राज्यानं 2011 साली स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना दिल्या. कायद्यानं खुर्ची दिली. खुर्चीमागं उभं राहायला आम्ही होतोच.

माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. हे सांगायला हवं, कारण ज्याच्या दुकानात सिमेंट असतं त्याला सगळ्या दुखण्यांवर सिमेंट हेच औषध दिसतं. (माझ्या दुकानातली एकही गोणी प्रभागाच्या कामात गेली नाही. कायद्यानं चालत नाही, आणि तेवढं मी पाळलं. कबुलीजबाबात एखादी गोष्ट आपल्या बाजूची असावी.) माझी यादी तयार होती: रस्ता, गटार, चौकात हायमास्ट, बागेत ओपन जिम, वेशीवर स्वागत कमान. नगरसेवकाचं काम म्हणजे काय, तर जे मोजमाप पुस्तिकेत चढतं ते. ज्याचा नारळ फुटतो, ज्याचा फोटो निघतो, ज्यावर फरशी बसते आणि फरशीवर नाव. चार नगरसेवकांच्या प्रभागात तर फरशीवरच्या नावांच्या क्रमावरूनही भांडणं व्हायची. ती भांडणंसुद्धा मीच करायचो.

तिचीही एक यादी होती. वाणसामानाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहिलेली, तूरडाळीच्या उलट्या बाजूला. "बाजारात बायकांसाठी मुतारी. बोळातला दिवा. पोरींना अभ्यासाला जागा. एकटी राहणारी माणसं, त्यांची यादी." मी ती वाचली आणि म्हणालो, "अगं, मुतारीच्या उद्घाटनाला कोण येणार?" ती म्हणाली, "अहो, ज्यांना लागलीय त्या येतील." मी चिठ्ठी परत दिली. डाळ आणायची होती.

आता त्या रस्त्याचं सांगतो. नदीच्या अंगाला आमची एक गल्ली आहे, 180 मीटर लांबीची. आठ वर्षांत तिथं डांबर पडलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी मी ती काँक्रीटची करून घेतली. त्यासाठी किती हेलपाटे मारले, किती टेबलांवर फाईल स्वतःच्या हातानं सरकवली, ते मी आजही तारीखवार सांगू शकेन. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सौ.नं विचारलं, "खणून करणार की आहे त्याच्यावर?" मी म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "त्या गल्लीतल्या बायका रोज अंगण झाडतात. पाणी कुठून कुठं जातं ते त्यांना विचारलंय का कुणी?" मी तिला सांगितलं की लेव्हल काढायला इंजिनिअर असतो. खणायचं म्हणजे खर्च वाढतो आणि महिना जास्त लागतो, आणि मला काम आचारसंहितेच्या आत उरकायचं होतं. जुन्या रस्त्यावरच काँक्रीट ओतलं गेलं. रस्ता वीतभर वर आला आणि दोन्ही बाजूंचे उंबरे तेवढेच खाली गेले. जूनच्या पहिल्या वळवात गल्लीतल्या नऊ घरांत पाणी शिरलं. गल्लीचं नवं नाव "कॅनॉल" असं पडलं, आणि ते कुणी पाडलं हे मला अजून सापडलेलं नाही. तोपर्यंत फरशी बसली होती.

तिला हे कुठून सुचायचं, तर ती साताऱ्याची. सांगली-सातारा म्हटलं की आमच्या घरी एक ठरलेला वाद असतो. ती म्हणते, तुमचा जिल्हा म्हणजे 1949 पर्यंत आमचाच, पुढंही 1960 पर्यंत नाव काय तर दक्षिण सातारा. मी म्हणतो, जिल्हा असेल, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होतं, तुमच्या हातात कधीच नव्हतं. हा वाद आमच्या लग्नाइतका जुना आहे आणि तितकाच टिकेल.

तिचं माहेर मंगळवार तळ्याच्या बाजूला. साताऱ्यात पेठापेठांत हौद होते. यवतेश्वरच्या डोंगराकडून खापरी नळांनी पाणी यायचं, पुढं कासचं आलं. तिच्या आजीच्या आठवणीत सगळं जग त्या हौदाभोवती. कोण बाळंत झाली, कुणाच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, कुणाचा पोरगा मुंबईहून पगार पाठवत नाही, हे सगळं घागर भरेपर्यंत कळायचं. मी एकदा सासुरवाडीत बसून हे ऐकलं आणि म्हटलं, घागरी वाहून बायकांच्या कमरा गेल्या ते सांगा की. नळ घरात आला ते वाईट झालं का? हा माझा मुद्दा बरोबर होता, आणि सौ.नं तो मानलाही. "नळ घरात यायलाच पाहिजे होता," ती म्हणाली. "पण हौद गेला त्याच्या जागी काय आलं?" मी म्हटलं, व्हॉट्सअॅप. माझा मेव्हणा शाहूपुरीला राहतो, 2020 च्या हद्दवाढीत तो शहरात आला. आता नगरपालिकेकडून काय काय मिळायला हवं याची त्याच्याकडं दोन पानी यादी असते. शेजारच्या बंगल्यात कोण राहतं असं विचारलं तर म्हणतो, "कुणीतरी बँकेतले आहेत." मी त्याला हसायचो. माझंही तेच होतं, फक्त माझ्या यादीची पानं जास्त.

2019 च्या संक्रांतीला पक्षातून निरोप आला की नगरसेविकांनी हळदी-कुंकू घ्यावं. मी मंगल कार्यालय बघितलं, वाणाला प्लॅस्टिकचे डबे सांगितले, झाकणावर फोटो. सौ.नं डबे रद्द केले. ती म्हणाली, बायकांना बोलवायचं नाही, मी जाणार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ती रोज संध्याकाळी एकेक गल्ली घ्यायची. सवाष्ण असो की नसो, घरातल्या प्रत्येक बाईला तिळगूळ. एका विधवा म्हातारीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी कुंकवाची कोयरी पुढं केली म्हणून दार लावून घेतलं आणि मग पाच मिनिटांनी उघडलं. हे मला सौ.नं सांगितलं नाही, त्या म्हातारीनंच पुढं सांगितलं.

सौ.च्या हातात दोनशे पानी वही असायची. कोण एकटं राहतं. कुणाची मुलं पुण्याला. कुणाला जिना चढता येत नाही. कुणाचं डायलिसिस. कुणाच्या गच्चीला बाहेरून जिना आहे, आणि वेळ आली तर कोण दोन घरं वर घेईल. "ही जनगणना कशाला?" मी विचारलं. "माहीत असावं," ती म्हणाली. मी ती वही एकदा चाळली आणि खरं सांगतो, मला तिच्यात मतं दिसली. कुठल्या घरात किती, एवढंच मी मोजलं.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना भेटली की "बरं आहे का" असं विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात. 1929 सालच्या त्या पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2005 साली ते साडेत्रेपन्नच्या आसपास गेलं होतं, आणि त्यानंतर शहरात प्रत्येकाच्या मनात एक खूण होती: 2005 ला इथं आलं नाही, म्हणजे इथं येत नाही. माझ्याही मनात होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता नेहमीप्रमाणे आधी पाण्यात गेले, तेव्हा मी पूरग्रस्तांसाठी जेवणाची सोय करत होतो. आपण पूरग्रस्त होऊ हे डोक्यात नव्हतं. पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. ज्यांनी 2005 च्या खुणेवर विश्वास ठेवला ते सगळे आपापल्या घरात अडकले.

8 ऑगस्टची रात्र. वीज दोन दिवस नव्हती. त्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आली होती, त्यामुळं माणसं बोटीला पाण्याहून जास्त भिऊ लागली होती. एक बोट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. मी पुढं बसलो, हातात बॅटरी. माझी गल्ली, माझा रस्ता, छातीभर पाण्याच्या खाली. बोटीतल्या जवानानं विचारलं, "किस घर में कौन है?"

मला रस्त्याची लांबी माहीत होती. रुंदी माहीत होती, काँक्रीटची जाडी माहीत होती, ठेकेदाराच्या मुकादमाच्या मुलीचं नावसुद्धा माहीत होतं. तिसऱ्या घरात कोण राहतं ते मला माहीत नव्हतं. चौथ्यातही नाही. मी बॅटरी या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवत राहिलो. जवानानं दुसऱ्यांदा विचारलं. मी "सगळे गेले असतील" असं म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलं. ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला शाळेची इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत सौ. उभी होती, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन. ती ओरडून सांगत होती. तिसरं घर, दोघं नवरा-बायको, त्यांना नीट चालता येत नाही, मागच्या खोलीत झोपतात, हाका मारा. पाचवं, बाई एकटी, कानानं कमी ऐकते, दार वाजवून उपयोग नाही, खिडकीत बॅटरी मारा. सातव्याच्या गच्चीवर दोन घरं आहेत, त्यात एक गरोदर. बोट तिच्या आवाजामागं जात होती. मी पुढं बसलेला, पण नुसता भार.

तिसऱ्या घरातले दोघं पलंगावर पलंग चढवून त्यावर बसले होते. आजी बोटीत यायला तयार नव्हत्या. ब्रह्मनाळचं नाव घेऊन रडत होत्या. शेवटी खिडकीतून सौ.चा आवाज ऐकून त्या उठल्या. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. का असावं?

वहीनं सगळ्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालं नाही. वहीत चुका होत्या. एक कुटुंब मार्चमध्येच घर सोडून गेलं होतं आणि त्यांच्यासाठी बोट वीस मिनिटं अडकली. त्याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशी कळली. गल्लीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत फर्निचरचं काम करणारी पाच परप्रांतीय पोरं दीड दिवस पाण्याच्या टाकीवर बसून होती. ती वहीत नव्हतीच. पलीकडची मोमिनांची तीन घरंही नव्हती. ती सगळी आपल्या पाहुण्यांकडं आधीच गेली म्हणून निभावलं. हळदी-कुंकवाची वही ती. कुंकू जिथं जात नाही तिथं ती गेलीच नव्हती. हे सौ.नं स्वतःच सांगितलं, मदतकेंद्रात, सगळ्यांसमोर, आणि मला वाटलं ही बाई आता संपली. राजकारणात आपली चूक अशी चव्हाट्यावर कुणी ठेवत नाही.

पाणी उतरल्यावरचे दिवस मला पुरापेक्षा वाईट वाटले. गाद्यांचे ढीग, फ्रिज, सडलेलं धान्य, सगळ्याला एकच वास. सांगली नगर वाचनालय 1869 सालचं. तिथली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली होती. महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक येत होते, आणि जो ट्रकच्या जवळ त्याला पाच किट, जो चिखल उपसत घरात त्याला एकही नाही. मी दोन ट्रक माझ्या दुकानासमोर उतरवून घेतले आणि वाटपाचे फोटो काढले. तिसऱ्या ट्रकवाल्या पोरांनी विचारलं, "त्या वहीवाल्या ताई कुठं आहेत? आम्हाला त्यांच्याकडंच उतरवायला सांगितलंय." माझ्या दहा वर्षांच्या झिजण्याचा निकाल त्या एका प्रश्नात लागला. राग आला. खूप आला. त्या रात्री मी तिच्याशी बोललो नाही, आणि तिला ते कळलंही नाही, कारण ती बसल्या जागी झोपली होती.

माझं मत बोटीत बदललं असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. बोटीत फक्त लाज वाटली. मत बदलायला पुढची दोन वर्षं गेली, आणि ती फार कंटाळवाणी होती.

दिवाळीनंतर सौ.नं माझ्याकडून लेटरहेड आणि फोन दोन्ही मागून घेतले. भांडण झालं नाही. तिनं हात पुढं केला, मी दिलं. मग ती म्हणाली, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात लोकांना बोलवायचं. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, हे तिनं कुठून तरी वाचून काढलं होतं. खेड्यात ग्रामसभेत एखादी म्हातारी उठून सरपंचाला जाब विचारते, शहरात आम्ही पाच वर्षांतून एकदा बटण दाबतो, असं तिचं म्हणणं. मी डोक्याला हात लावला. विरोधकांना फुकटचं व्यासपीठ! त्यांना बोलायला जागा नाही म्हणून ते गप्प आहेत, आणि तू सतरंजी घालून देतेस?

पहिल्या सभेला अकरा माणसं आली. त्यातली नऊ कुत्र्यांबद्दल बोलली. दुसऱ्या सभेला चार. तिसरीला तिशीच्या वर, कारण त्या आठवड्यात पाणी पहाटे तीनला सुटत होतं. चौथीला डॉल्बीवरून म्हातारे आणि मंडळाची पोरं असे भांडले की खुर्च्या उचलल्या गेल्या. मी प्रत्येक वेळी घरी येऊन "सांगितलं होतं" एवढंच म्हणायचो. पण एक गोष्ट मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बघत होतो. सौ. सभेच्या सुरुवातीला मागच्या महिन्याचं वाचून दाखवायची. हे झालं. हे झालं नाही, कारण हे. आणि हे होणार नाही. "होणार नाही" हे दोन शब्द मी दहा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. मी "बघू", "करू", "साहेबांशी बोलतो" यांवर जगलो होतो. शेरी नाल्याचं सांडपाणी कृष्णेत जाऊ देणार नाही, हे तर आमच्याकडं प्रत्येक निवडणुकीत प्रत्येकजण सांगतो. सौ.नं सांगितलं की तो एका प्रभागाच्या हातातला विषय नाही, माझ्याकडून होणार नाही, मी फक्त महासभेत विचारत राहीन. लोक चिडले. दोघं उठून गेले. पुढच्या महिन्यात ते दोघं पुन्हा आले. मी आजही त्याचा अर्थ लावतो आहे.

मुतारीला दोन वर्षं लागली. पैशापायी नाही, जागेपायी. बाजारात हरिपूर, समडोळी, कसबे डिग्रजहून माळवं घेऊन बायका पहाटे येतात आणि संध्याकाळी जातात. दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते सगळ्यांना माहीत. मुंबईत बायकांनी यासाठी "राइट टू पी" म्हणून चळवळच उभी केली. पण प्रत्येक दुकानदार म्हणायचा, व्हायलाच पाहिजे, फक्त माझ्या समोर नको. इथं मात्र माझा उपयोग झाला. व्यापाऱ्याशी कसं बोलायचं ते मला येतं; मी आठ दुकानदारांना आठ वेगळ्या गोष्टी सांगून एका कोपऱ्यावर राजी केलं. नारळ फुटला नाही. पहिल्या दिवशी एक मावशी पाच रुपये मुठीत धरून आली. पैसे लागत नाहीत म्हटल्यावर तिनं दारात मेथीची जुडी ठेवली. तीन महिन्यांत झाडायला कुणी नाही म्हणून तिला कुलूप लागलं. मग सभेत ठरलं की किल्ली माळवं विकणाऱ्या बायकांकडंच राहील आणि आळीपाळीनं साफसफाई त्याच करतील. ते बरं चाललं, मधेच बंद पडलं, पुन्हा चाललं.

सगळंच जमलं असंही नाही. 2022 साली कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं सरपंच विजय मोहिते यांनी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू केली. गावानं ती उचलली आणि देशभर नाव झालं. सौ.ला वाटलं आपण एका गल्लीत करून बघू. पाच दिवस टिकलं. सातलाच गल्लीतल्या सासवांच्या मालिका लागतात. सहाव्या दिवशी भोंगा कुणीतरी काढून ठेवला, आणि माझा संशय आमच्या मातोश्रींवर आहे.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पंचावन्नच्या घरात. त्या वेळी वही दुसरी होती. ती हळदी-कुंकवाला नाही, रेशनकार्डाच्या कामाला, लसीच्या रांगेला, ईदला, मयताला, अशी भरलेली. मागच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या पोरांची नावंही तिच्यात होती, गावांसकट. आमची गल्ली बोट यायच्या आत रिकामी होती. त्यावर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तर माझं मत काय होतं आणि काय झालं? मला वाटायचं, रस्ता-गटार हे काम, आणि माणसं एकमेकांना ओळखतात की नाही हा हवापाण्याचा विषय. आता वाटतं, ओळख नसलेल्या गल्लीत केलेला रस्ता वीतभर चुकतो. कुठली बाई पाणी कुठं झाडते हे विचारायची ओळखच मला नव्हती, म्हणून नऊ घरांत पाणी शिरलं. पण सौ.चं सगळं मला पटलेलं नाही. तिनं शेवटपर्यंत कामांवर नाव लावू दिलं नाही, हे मला आजही चूक वाटतं. केलेल्या कामावर आपलं नाव नको म्हणणाऱ्याची जागा काम न केलेला घेऊन जातो. तिकीटवाटपाच्या वेळी त्याचं उत्तर मिळतंच.

2023 च्या ऑगस्टमध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. अडीच वर्षं कुणीच नगरसेवक नव्हतं. व्हरांड्यातली सभा कधी सात माणसांची, कधी बाराची, अशी रेटत राहिली. 2026 च्या जानेवारीतल्या निवडणुकीआधी सोडत झाली आणि या वेळी मला उभं राहता येईल अशी जागा निघाली. चार-पाच जण घरी आले. माझ्या छातीत ते जुनं काहीतरी हललं, खोटं का सांगू? पक्षाचं तिकीट मिळणार नाही हे मला साधारण कळलेलं होतं, त्यामुळं मी उभा राहिलो नाही यात त्याग वगैरे काही नाही. पण ते कळायच्या आधी एका रात्री मी सौ.ला म्हटलं, यादी दे. तुझी. मी तीच छापतो.

तिनं यादी दिली नाही. पहिली वही दिली, पुराचे पिवळे डाग पडलेली. म्हणाली, "पहिल्या पानावर 22 नावं आहेत. त्यातली किती आहेत, किती गेली, कोण नवीन आलं, बघून या. मग बोलू."

मी दुसऱ्या दिवशी दुकान पोरावर सोपवून गेलो. माझाच रस्ता, एव्हाना दोन ठिकाणी भेग पडलेला. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घरातली म्हातारी गेल्याचं सुनेनं सांगितलं. मी तिच्या तेराव्याला आलो होतो असंही सांगितलं, मला आठवत नव्हतं. तिसऱ्या घरात आता आजी एकट्याच. त्यांनी मला ओळखलं नाही. "बाई नाही आल्या?" असं विचारलं आणि चहा टाकला. मी पेन काढलं. सौ.च्या अक्षराखाली माझं अक्षर फार मोठं दिसत होतं.

आजोबा गेले, 2024. उजवा गुडघा. झोपायला आता पुढच्या खोलीत. रात्री दाराला आतून कडी लावत नाहीत. किल्ली पाचव्या घरात.